करंगळी वर केल्यावर

मराठी शाळेत पहिलीतलं मूल अक्षरांच्या आधी एक खूण शिकतं. करंगळी वर केली की ‘एकीला जाऊ का?’ आणि दोन बोटं वर केली की दुसऱ्या कामाला. बाईंनी मान हलवली तर सुटका. ‘आत्ताच मधली सुट्टी झाली ना, तेव्हा काय करत होतास?’ असं आलं तर हात खाली आणि मांड्या घट्ट. यात मुलाचं चुकलं काय? त्याला लागलेली कळली, कोणती लागली तेही कळलं, आणि वर्गात चालणाऱ्या खुणेनं त्यानं ते सांगितलंसुद्धा.

मुलांना स्वतःच्या शरीराचे इशारे ओळखायला शिकवावं, असं हल्ली पुष्कळ जण सांगतात. बालरोगतज्ज्ञ भुकेबद्दल सांगतात, ऑक्युपेशनल थेरपिस्ट स्वमग्न मुलांबद्दल, समुपदेशक राग आणि भीतीबद्दल, बालसुरक्षेचं काम करणाऱ्या संस्था नकोशा स्पर्शाबद्दल. प्रत्येकाचे तक्ते वेगळे, चित्रं वेगळी, आणि एकाला दुसऱ्याचं काम फारसं ठाऊक नसतं. ही सगळी कामं शेजारी ठेवून पाहिली तर एक गोष्ट जाणवते. ओळखायला शिकवण्यावर जेवढा जोर आहे तेवढा बहुतेक मुलांना लागत नाही. ती बऱ्यापैकी ओळखतात. अडतं ते पुढे, इशाऱ्याला उत्तर मिळण्याच्या पायरीवर. आणि ज्याला उत्तर मिळत नाही तो इशारा हळूहळू बोथट होतो.

हे बोथट होणं लघवी आणि शौचाच्या बाबतीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टरांचा साधा हिशेब आहे: वयात एक मिळवा आणि तीसनं गुणा. आठ वर्षांच्या मुलाचे झाले २७० मिलीलिटर. दिवसातून चार ते सात वेळा लघवीला जाणं ठीक. तीन किंवा त्याहून कमी वेळा जाणारं मूल बहुधा रोखून धरत असतं. अशी मुलं लांबूनही ओळखू येतात. पाय आवळून उभी राहतात, जागच्या जागी नाचतात, मुली उकिडव्या बसून टाचेनं खालून दाब देतात. सवय जुनी झाली की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लघवी करतानाही पुरते सैल पडत नाहीत. थोडी लघवी आत उरते, तिथं जंतू वाढतात, जळजळ होते, आणि जळजळीच्या भीतीनं मूल आणखी रोखतं.

शौचाचं याहून बिकट. शाळेतल्या संडासाला कडी नाही किंवा पाणी नाही, म्हणून सकाळी घरी न झालेली शी मूल दिवसभर धरतं. मोठं आतडं मळातलं पाणी शोषत राहतं, मळ खडा होतो, बाहेर येताना दुखतो. दुखलं म्हणून मूल पुढच्या खेपेला जास्त धरतं. गुदाशय ताणला जातो, आणि ताणलेल्या गुदाशयाला ‘भरलंय’ ही खबर पाठवता येत नाही. मग खड्यांच्या कडेनं पातळ मळ झिरपतो आणि चड्डी खराब होते. घरच्यांना वाटतं जुलाब होताहेत. नाहीतर वाटतं, एवढं मोठं झालं तरी मुद्दाम करतंय. मूल शपथेवर सांगतं की मला कळलंच नाही, आणि ते खरं बोलत असतं. यावर डॉक्टर आधी जाणिवेचे धडे देत नाहीत. आधी आतडं औषधानं रिकामं करतात, मग कित्येक महिने मळ मऊ राहील असं पाहतात, आणि जेवणानंतर पाच-दहा मिनिटं पायाखाली आधार देऊन बसवतात, कारण पोटात अन्न गेल्यावर मोठं आतडं आपोआप हलतं. आतडं पूर्वीच्या आकाराला आलं की जाणीव बहुतेकदा परत येते. ती मुलाला कुणी शिकवलेली नसते.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय याच प्रश्नाला वाहिलेला आहे. त्याचं नावच ‘न वेगान्धारणीय’. रोखू नयेत असे तेरा वेग तिथं मोजले आहेत: लघवी, शौच, शुक्र, अधोवायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमानंतरचा धाप लागलेला श्वास. प्रत्येक वेग दाबल्यानं काय होतं आणि त्यावर उपाय काय, हेही दिलं आहे. त्यातले सगळे परिणाम आजच्या वैद्यकाला मान्य होणार नाहीत. पण यादीत अश्रू आहेत, हे ‘मुलगा असून रडतो काय?’ म्हणणाऱ्या घरांनी पाहण्यासारखं आहे. त्याच अध्यायात रोखण्याजोगे वेगही सांगितले आहेत, लोभ, शोक, भय, क्रोध वगैरे. शरीराची हाक ऐकावी आणि मनाची प्रत्येक उसळी मात्र पाळू नये, असा तो भेद आहे. आजच्या कार्यक्रमांत हा भेद बऱ्याचदा पुसट होतो.

पाश्चात्त्य विज्ञानात शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदनांना स्वतंत्र नाव मिळालं ते इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांच्या १९०६च्या ग्रंथात. त्याआधी १८८४ साली विल्यम जेम्स यांनी भावना म्हणजे शरीरातल्या बदलांची जाणीवच, असा धाडसी दावा केला होता. नंतर विषय बराच काळ बाजूला पडला. २००२ साली बड क्रेग यांनी भूक, तहान, वेदना, ऊब, धडधड या सगळ्यांच्या वाटा मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागात कशा एकत्र येतात ते मांडलं, आणि तिथून संशोधनाला पूर आला.

मूल हे शिकतं कधी? जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत काम केलेल्या हिल्डे ब्रुख यांनी १९६०च्या दशकात जे मांडलं त्याची धार अजून गेलेली नाही. भूक लागणं जन्मजात असलं तरी ‘ही भूक आहे’ हे ओळखणं मूल शिकतं, आणि त्याच्या रडण्याला मोठे जे उत्तर देतात त्यातून शिकतं. भुकेला दूध, ओल्याला कोरडं दुपटं, झोपेला मांडी असं होत गेलं की आतल्या वेगवेगळ्या अस्वस्थता एकमेकींपासून सुट्या होतात. प्रत्येक रडण्याला बाटलीच मिळाली तर साऱ्या अस्वस्थता एकाच गाठोड्यात राहतात. ब्रुख यांनी हे अन्न टाळणाऱ्या मुलींच्या आजारावरून मांडलं होतं. त्यात आईवर नको तेवढा दोष गेला, ही टीका रास्त आहे. उत्तरातून ओळख घडते, हा मूळ मुद्दा मात्र टिकून आहे.

त्याचा रोजचा पुरावा आपल्याच घरांत होता. बाळाला दोन पायांवर घेऊन बसायचं आणि ‘शूऽऽ’ असा आवाज काढायचा, ही आज्यांची रीत. व्हिएतनाममध्ये आया याच कामासाठी शीळ घालतात. तिथं ४७ बाळांचा पाठपुरावा करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांची होईतो मुलं लघवी-शौचाच्या बाबतीत तयार झाली होती आणि मूत्राशय पुरतं रिकामं करू लागली होती. अमेरिकेत १९६२ साली टी. बेरी ब्राझेल्टन यांनी अकराशेहून जास्त मुलांच्या नोंदींवरून सांगितलं की घाई करू नका, मूल तयार झाल्याची चिन्हं दिसू द्या. सल्ला चांगला होता, कारण त्यापूर्वी तिथं मारूनमुटकून बसवणं चाले. योगायोगानं टाकाऊ डायपर त्याच सुमारास बाजारात आले. डायपरमध्ये ओलं कळत नाही. बाळालाही नाही आणि आईलाही नाही. मुंबई-पुण्यातल्या नोकरदार आईनं डायपर वापरू नये असं म्हणायला मी धजावणार नाही. एवढंच, की सोय होते तेव्हा एक संवादही बंद पडतो, आणि तो पुढे बालवाडीच्या दाखल्यासाठी घाईघाईनं सुरू करावा लागतो.

सगळ्यात जास्त आणि सगळ्यात रंजक संशोधन झालं आहे ते भुकेवर. १९२०च्या दशकात क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतं अंगावरून तोडलेल्या बाळांपुढं ताटल्या मांडून ठेवायला सुरुवात केली. १९३९ साली त्यांनी पंधरा मुलांचा वृत्तांत दिला. एकूण ३४ पदार्थ: दूध, आंबवलेलं दूध, धान्यं, भाज्या, फळं, मांस, मासे, अगदी हाडातला मगजसुद्धा. परिचारिकेनं चमचा हातात घेऊन गप्प बसायचं. बाळानं बोट दाखवलं तर भरवायचं. सुचवायचं नाही, कौतुक करायचं नाही, वाढवायचं नाही. मुलांनी चमत्कारिक जेवणं केली, आज अंडीच अंडी, उद्या केळीच केळी. पण वाढ उत्तम झाली. मुडदूस झालेल्या एका बाळानं समोर ठेवलेलं कॉड माशाचं तेल बरं होईपर्यंत आपणहून घेतलं. ‘मुलांचं शरीर शहाणं असतं’ या वाक्याच्या पुष्ट्यर्थ हा प्रयोग नेहमी सांगितला जातो. डेव्हिस यांनी स्वतः मात्र सांगून ठेवलं होतं की खरी युक्ती पदार्थांच्या निवडीत आहे. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, मैद्याचं काही नव्हतं, डबाबंद काही नव्हतं. बिस्किटाचा पुडा मांडला असता तर बाळांनी काय केलं असतं, हे ज्यांच्या घरात पुडा आहे त्यांना विचारायची गरज नाही.

पुढे लिआन बर्च यांनी हेच काम बारकाईनं केलं. १९९१ साली त्यांच्या गटानं दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचं खाणं सहा दिवस मोजलं. एकेका जेवणात चढउतार जवळपास ३४ टक्क्यांचा, पण पूर्ण दिवसाच्या बेरजेत जेमतेम १० टक्क्यांचा. म्हणजे दुपारी दोनच घास खाल्ले म्हणून घायकुतीला येणाऱ्या आईला रात्रीपर्यंत थांबण्याजोगं कारण आहे. २०००च्या एका प्रयोगात ताटात जास्त वाढल्यावर साडेतीन वर्षांच्या आसपासची मुलं तेवढंच खात राहिली, पाच वर्षांची मात्र जास्त खाऊ लागली. या दीड वर्षात मूल पोटाऐवजी ताटाकडं पाहायला शिकलेलं असतं, आणि ते त्याला आपणच शिकवतो. बर्च यांच्या १९८७च्या प्रयोगात काही मुलांचं लक्ष पोट भरण्याकडं वेधलं आणि काहींचं ताट संपवण्याकडं, घड्याळाकडं, बक्षिसाकडं. दुसऱ्या गटातल्या मुलांना आधी भरपेट खाऊ दिला तरी पुढचं खाणं कमी करण्याचं भान उरलं नाही.

मग हे भान परत आणता येतं का? सूझन जॉन्सन यांनी २००० साली सहा आठवड्यांच्या खेळातून ते करून पाहिलं. बालवाडीतल्या मुलांना बाहुल्या दिल्या, आणि बाहुलीचं पोट रिकामं, थोडं भरलेलं, गच्च भरलेलं कसं ते हाताळायला लावलं. बऱ्याच मुलांचा अंदाज सुधारला. प्रयोग लहानसाच होता. पण ओळखायला शिकवणं कुठं उपयोगी पडतं याचं ते प्रामाणिक उदाहरण आहे: जिथं मोठ्यांनी आधी बिघडवलेलं असतं तिथं.

मराठी घरात यावर लगेच हरकत येणार, ताटात अन्न टाकायचं नाही या संस्काराचं काय? संस्कार राखता येतो. ताटात कमी वाढायचं आणि मागेल तेव्हा पुन्हा वाढायचं, एवढी तडजोड पुरते. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी केलेली वाटणीही तशीच आहे. काय, कधी आणि कुठं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती हे मुलानं. आपल्याकडे हे नेमकं उलटं चालतं. काय खायचं ते मूल ठरवतं, नूडल्स नाहीतर काही नाही. आणि किती ते आई ठरवते, चिऊचा एक, काऊचा एक, आणि मोबाइलवर कार्टून लावून आणखी दहा. पडद्याकडं डोळे लावून गिळलेल्या घासांची पोटाला दखल नसते.

इथं एक मोठा ‘पण’ आहे आणि तो महाराष्ट्रात विसरून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत आणि सुमारे चौथा हिस्सा मुलं उंचीच्या मानानं रोड आहेत. तीव्र कुपोषणात भूकच मरते. जंतुसंसर्ग असतो, शरीर सगळे व्यवहार मंद करून टाकतं, आणि मूल समोरच्या वाटीकडं मख्खपणे पाहतं. म्हणून अशा मुलाची भुकेची चाचणी घेतात: ठरावीक पौष्टिक आहार पुढं करून ते तो खातं का ते पाहतात. खाल्लं आणि इतर धोक्याची लक्षणं नसली तर गावातच उपचार. नाही खाल्लं तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. मेळघाटातल्या अशा बाळाच्या आईला ‘मुलाच्या भुकेवर विश्वास ठेवा’ असं शहरी मासिकातलं वाक्य ऐकवणं हा क्रूरपणा होईल. पण याचा अर्थ कोंबून भरवा असाही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या साठ गावांत आयांना घरच्या अन्नाबरोबर बाळाच्या खुणा वाचून भरवायला आणि त्याच्याशी खेळायला शिकवलं. मुलांचा आहार सुधारला आणि खेळाची जोड मिळालेल्या मुलांचा बौद्धिक विकासही पुढं गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांसाठी असं प्रतिसाद देत भरवणं सुचवलं आहे. भूक मंदावलेल्या बाळाला जास्त धीर आणि जास्त वेळ लागतो, आणि निंदणीच्या दिवसांत शेतावर जाणाऱ्या आईकडं नेमका तोच नसतो.

तहानेचं प्रकरण छोटं आहे. खेळताना मुलांना तहान उशिरा आणि अपुरी लागते. ओडेड बार-ऑर यांच्या १९८०च्या प्रयोगात उन्हाळी हवेत व्यायाम करणाऱ्या दहा ते बारा वर्षांच्या मुलग्यांना हवं तेवढं पाणी जवळ ठेवूनही गेलेला घाम भरून निघेल एवढं ते प्याले नाहीत. म्हणजे इथं इशाराच तोकडा आहे आणि बाहेरून आठवण करून देणं शहाणपणाचं. केरळनं २०१९मध्ये शाळांत पाणी पिण्याची घंटा सुरू केली, तिचं अनुकरण इतर राज्यांतही झालं. घंटा चांगलीच. मात्र पाणी प्यालेलं मूल तासाभरानं करंगळी वर करणार, हे घंटा वाजवणाऱ्यांनी धरून चालावं.

भावनांच्या क्षेत्रात आलं की गर्दी वाढते आणि पुरावा विरळ होतो. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट केली माहलर यांनी स्वमग्न मुलांसाठी अभ्यासक्रम तयार केला आहे. त्यात हातात बर्फ धरून काय वाटतं, उड्या मारल्यावर छातीत काय होतं, असं एकेका अवयवापासून सुरुवात होते, मग ती संवेदना कोणत्या भावनेची आणि तिच्यावर काय करायचं इथवर नेतात. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या शिक्षण खात्यात एमा गुडॉल यांच्या पुढाकारानं असे दोन-चार मिनिटांचे खेळ सरकारी शाळांत आले. स्वमग्न मुलांच्या पालकांना याचं मोल लगेच कळतं. ज्या मुलाला भूक, उकाडा आणि भीती या तिन्ही गोष्टी एकाच कल्लोळासारख्या जाणवतात, त्याच्यासाठी ‘ओळखायला शिकवणं’ ही चैन नव्हे. अशा मुलांसाठी माझं सुरुवातीचं विधान मी मागे घेतो. एवढंच की मुलांवरचे अभ्यास छोटे आहेत. ब्रिटनमध्ये १२१ स्वमग्न प्रौढांना हृदयाचे ठोके ओळखण्याचा सराव दिला तेव्हा काहींची चिंता स्पष्टपणे कमी झाली, हा २०२१चा निष्कर्ष आश्वासक आहे. पण ती मोठी माणसं होती.

मोजमापाचीच अडचण आहे. नाडीला हात न लावता ठोके मोजायला सांगायचं आणि यंत्राशी ताडून पाहायचं, ही १९८१ची रीत अजून सर्रास चालते. ज्याला साधारण मिनिटाला किती ठोके पडतात हे ठाऊक आहे तो काहीच न जाणवता चांगला आकडा सांगू शकतो. सारा गारफिंकेल यांनी दाखवलं की अचूकता वेगळी, आपण अचूक आहोत असं वाटणं वेगळं, आणि या दोहोंचा मेळ बसणं तिसरंच. लंडनमध्ये आठ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात धडधड चांगली ओळखणाऱ्या मुलांतच घाबरण्याची लक्षणं जास्त दिसली. जास्त जाणीव म्हणजे जास्त स्वस्थता, हे गणित त्यामुळं सरळ राहत नाही. ब्रिटनच्याच ८५ शाळांत आठ हजारांहून जास्त किशोरांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२२ साली आला: वर्गातल्या सगळ्या मुलांना सरसकट सजगतेचे धडे दिल्यानं नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा काही जास्त हाती लागलं नाही. आपल्याकडे शाळाशाळांतून डोळे मिटून बसवण्याचे तास वाढत आहेत, त्यांनी हा निकाल वाचावा.

या साऱ्यात सगळ्यात बोलका विषय पोटदुखीचा. ब्रिस्टलमध्ये जॉन ॲपली यांनी १९५८ साली हजार शाळकरी मुलं तपासली; दर दहातल्या एकाहून थोड्या जास्त मुलांचं पोट वरचेवर दुखत होतं, आणि त्यातल्या फार थोड्यांच्या पोटात बिघाड सापडला. ही दुखणी खोटी नसतात. सोमवारी सकाळी, गणिताच्या परीक्षेआधी, घरात भांडण झालं की मुलाचं आतडं खरोखर पिळवटतं. आता आईनं काय करावं? लिन वॉकर यांनी २००६ साली ते तपासलं. मुलांना पोट तट्ट होईतो पाणी प्यायला दिलं आणि आयांना वेगवेगळं वागायला शिकवलं. ‘फार दुखतंय का रे, कुठं दुखतंय, बिचारं माझं’ असं लक्ष देणाऱ्या आयांच्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या. दुसऱ्या विषयावर बोलत राहणाऱ्या आयांच्या मुलांच्या निम्म्यावर आल्या. आयांना वाटत होतं की विषय बदलला तर मूल दुखावेल. मुलं म्हणाली, तेव्हाच बरं वाटलं.

तेव्हा इशाऱ्याला उत्तर देणं म्हणजे इशाऱ्याभोवती घिरट्या घालणं नव्हे. एकदा नीट ऐकायचं. ताप, उलटी, रक्त, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ असं काही नाही ना ते पाहायचं. शाळेत काय चाललंय ते विचारायचं, आणि मग पत्ते काढायचे. आपल्या आज्या पोटावर हिंगाचा लेप लावत आणि गोष्ट सांगायला बसत. लेपाइतकंच काम गोष्टीचंही होत असणार.

काही मुलांना मात्र इशारा चुकवणं परवडत नाही. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाची रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम येतो, धडधडतं, खा-खा सुटते. लगेच १५ ग्रॅम साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, असा नियम शिकवतात. साखर वारंवार खाली गेली तर हे धोक्याचे इशारे फिके पडत जातात. काही आठवडे ती घसरू दिली नाही तर पुन्हा ठळक होतात. इथंही मुलाला शिकवून भागत नाही. परीक्षेच्या दालनात खिशातली साखरेची गोळी तोंडात टाकायला परवानगी लागते. ‘सीबीएसई’नं बोर्डाच्या परीक्षेसाठी ती लेखी दिली २०१७ साली.

इशारा कळणं आणि तो मानणं यांतली दरी पॉल ब्रँड यांच्याइतकी कुणी जवळून पाहिली नसेल. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करताना त्यांना उमगलं की बोटं रोगानं झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून भाजतात, कापतात, झिजतात. पुढे अमेरिकेत त्यांनी दाब जास्त झाला की सूचना देणारे हातमोजे बनवले. आवाजाची सूचना लोकांनी कानाआड केली. मग विजेचा झटका बसेल अशी योजना केली. ज्या कामाला झटका बसतो ते करायचंच असेल तेव्हा रुग्ण यंत्र बंद करत आणि काम झालं की चालू करत. वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर तो प्रकल्प सोडून द्यावा लागला.

नकोशा स्पर्शाच्या शिक्षणात हाच पेच वेगळ्या वेशात येतो. २०१२च्या ‘पॉक्सो’ कायद्यानंतर शाळांत चाइल्डलाइनची ‘कोमल’ ही चित्रफीत दाखवली जाऊ लागली, मुंबईत ‘अर्पण’सारख्या संस्था वर्गावर्गांत जाऊ लागल्या, १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ झाला. पोटात कसंतरी झालं, तिथून निघून जावंसं वाटलं, तर ते खरं माना आणि विश्वासातल्या माणसाला सांगा, ही शिकवण फार मोलाची. पण त्याच संध्याकाळी पाहुण्यांनी ‘ये, पापी दे’ म्हटलं आणि मूल आईच्या मागे लपलं की आपण म्हणतो, ‘असं करू नये, काका आहेत ना ते.’ दुपारी शाळेत शिकलेलं रात्री दिवाणखान्यात मोडतं.

झोपेच्या बाबतीत सरकारनं एक पाऊल उचललं. फेब्रुवारी २०२४च्या निर्णयानं महाराष्ट्रात पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं. हेतू चांगला. फक्त, शरीराचं घड्याळ पुढं सरकतं ते वयात येताना. उशिरा झोप आणि उशिरा जाग ही आठवी-नववीच्या मुलांची अडचण असते, आणि अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१४ साली साडेआठच्या आधी शाळा नको असं म्हटलं ते त्यांच्यासाठी. आपल्याकडची नववीतली मुलगी मात्र सात वाजता प्रार्थनेला उभी असते, आणि त्याआधी तिचा क्लासही झालेला असतो.

शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली प्रत्येक शाळेला मुलामुलींसाठी वेगळे संडास आणि पिण्याचं पाणी बंधनकारक केलं. बांधकाम पुष्कळ ठिकाणी झालं. कडी, बादली आणि झाडणारा माणूस यांची तजवीज तेवढी झाली नाही. संडासाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, हे दृश्य खेड्यातच दिसतं असं नाही. आणि वर्गात करंगळीला नकार देणाऱ्या बाईंकडंही एकदा पाहायला हवं. मुंबईत २०११ साली बायकांसाठी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्या मागणारी ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली ती बाहेर पडणाऱ्या बाईच्या रोजच्या हिशेबातून: पाणी कमी प्यायचं आणि घरी पोचेपर्यंत धरायचं. हा हिशेब करणाऱ्यांत शिक्षिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, एसटीतल्या वाहक आहेत. जिच्या शाळेत तिच्यासाठीही धड संडास नाही ती सकाळी चहाचे दोन घोट घेऊन निघते, साठ मुलांच्या वर्गाला सोडून जाता येत नाही म्हणून दुपारपर्यंत तशीच उभी राहते, आणि पाण्याची घंटा झाली की मुलांना बाटल्या उघडायला सांगते.